पुढच्या रांगेतल्या फळ्या

"अजून वर घ्या, ओपा. अजून थोडं... बस, बस."

रिका ट्रेलरच्या दारात पालथी पडली होती आणि एक डोळा मिटून तळावर ठेवलेल्या पाणसळीकडे बघत होती. काचेच्या नळीतला बुडबुडा हळूहळू सरकला आणि दोन रेघांच्या मधोमध येऊन थांबला. बाहेर तिच्या आजोबांनी, म्हणजे ओपांनी, जॅकचा दांडा सोडला आणि तळ्याकडच्या चाकाखाली पायानंच एक फळी सारली.

"किती झाल्या?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"काल दोन होत्या ना?"

"हो. आणि परवा एकच होती."

"पाऊस," ओपा म्हणाले, आणि हात झटकत कॉफी ठेवायला आत गेले.

ट्रेलर घेऊन हिंडणाऱ्या माणसांचं हे असंच असतं. ट्रेलर जरा कलला की तव्यातलं अंडं एका कडेला जाऊन बसतं, कपाटाचं दार आपसूक उघडतं आणि झोपल्यावर रक्त डोक्यात उतरतं. म्हणून सकाळी उठल्यावर आधी पाणसळ, मग दात. ओपा पन्नास वर्षं सुतारकाम केलेले. त्यांना तर भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं दिसलं तरी जेवण जात नसे.

रिकाचा नऊ वर्षांचा भाऊ ट्युन वही घेऊन पायरीवर बसला होता. त्यानं पेन्सिल जिभेला लावली. "जागा चार, फळ्या तीन. लिहिलं. आता पाचवर चल."

ही वही म्हणजे उत्तर किनारा ट्रेलर मंडळाची ऑगस्टमधली मोठी भानगड. एरी तळ्याच्या काठावर मुक्कामाची ठिकाणं किती महाग आणि किती सोयीची, अगदी चाकाखाली फळ्या किती लागतात इथपर्यंत, याची मंडळ दरवर्षी तुलना करायचं, आणि जे पहिलं येईल तिथं पुढच्या उन्हाळ्यात साठ ट्रेलरांचा मेळावा भरायचा. पण गेल्या वर्षी, म्हणजे बहात्तर साली, मोठी माणसं इतकी भांडली की दोघांनी एकमेकांच्या दिशेनं खायला आणलेले गोड बटर टार्ट फेकले. म्हणून यंदा वही मुलांकडे आली होती. मुलं निदान भांडून झाल्यावर परत बोलतात, असं मंडळाच्या अध्यक्षांचं म्हणणं.

वहीत तीन ठिकाणं होती. एक सरकारी जंगलातलं. तिथं रात्रीला दोन डॉलर, दिवा नाही आणि संडासात कोळी. दुसरं तंबाखूच्या शेतातलं, अडीच डॉलर, गरम पाण्याची अंघोळ, पण अंगाला तंबाखूचा वास. आणि तिसरं हे, पर्डींचं. इथं लायलॅकच्या झुडपांच्या कुंपणाच्या अलीकडे मागची रांग होती, तीन डॉलरवाली. कुंपणाच्या पलीकडे, थेट कड्यावर, पुढच्या रांगेतल्या सात जागा होत्या. त्या पाच डॉलरच्या. दार उघडलं की समोर नुसतं तळं, आणि साठ फूट खाली लाटा.

रिकाचे पप्पा मागच्या रांगेत उतरले होते. "तळं बघायला दोन डॉलर जास्त? चालत जा आणि फुकट बघ," असं त्यांचं साधं सोपं गणित होतं. ओपा मात्र अकरा वर्षं जागा चारवरच यायचे. ओमा, म्हणजे आजी, होती तेव्हा दोघं, आणि गेली दोन वर्षं एकटे.

जागा पाचवर मिस्टर टकेट जॅकची मूठ फिरवत होते. मुलांना बघताच त्यांनी ती पाठीमागे लपवली.

"जॅक लावताय का?" ट्युननं विचारलं.

"छे, छे. टायर बघत होतो."

रिकानं वाकून चाकाखाली पाहिलं. चार फळ्या. सगळ्यात वरची कोरी करकरीत. सहावर तीन, सातवर एक, तीनवर तीन, दोनवर दोन. रविवारच्या पानावर याच जागांपुढे ट्युनच्या वाकड्या अक्षरात शून्य, एक, शून्य, शून्य, शून्य असं लिहिलेलं होतं.

 रिका ट्युनला घेऊन कुंपणातून अंग चोरून मागच्या रांगेत आली. तिथं वहीच्या कामातला त्यांचा तिसरा साथीदार, तेरा वर्षांचा गॉर्डी, आपल्या ट्रेलरच्या सावलीत गळाचा दोरा सोडवत बसला होता.

"गॉर्डी, तुमच्या चाकाखाली फळ्या किती?"

"एक. रविवारी घातली तीच. का गं?"

"आमच्याही चाकाखाली रविवारची एकच आहे." रिकानं आवाज खाली आणला. "पाऊस दोन्ही रांगांवर पडला. माती दोन्हीकडे तीच. मग चाकं फक्त पुढच्या रांगेचीच कशी रुततात? आणि सगळ्यांची तळ्याकडचीच?"

गॉर्डीच्या हातातला दोरा तसाच राहिला. "त्यांनी एकमेकांना विचारलं नाही?"

"कोण विचारेल? ट्रेलर सरळ लावता येत नाही असं चारचौघांत कबूल करायचं? टकेट तर जॅक पाठीमागे लपवत होते."

तेवढ्यात करकर करत एक ढकलगाडी आली. जागेचे मालक मिस्टर पर्डी, गोल टोपी, लाल गाल, खडीनं भरलेली गाडी ढकलत कुंपणाच्या पलीकडच्या बाजूनं निघाले होते. त्यांनी खडी कुंपणाच्या बुडाशी ओतली, फावड्यानं चेपली, तिच्यावर गवताचे तुकडे नीट बसवले आणि शीळ घालत निघून गेले.

"सकाळपासूनची ही तिसरी," गॉर्डी म्हणाला.

पर्डी दिसेनासे झाल्यावर तिघं तिथं गेली. गॉर्डीनं गवताचा एक तुकडा उचलला आणि खडीच्या कडेनं गळाची काठी आत घातली. काठी जात राहिली. त्याचा कोपर जमिनीला टेकला तरी टोकाला काही लागेना.

"तळच नाही," तो म्हणाला.

"ए पोरांनो, काय चाललंय?" पर्डी परत आले होते. चेहऱ्यावर हसू होतं, पण डोळे हसत नव्हते. "ग्राउंडहॉगची बिळं आहेत ती. पाय मुरगळेल कुणाचा तरी, म्हणून बुजवतोय."

ट्युननं कुंपणाच्या कडेनं पावलं मोजली होती. "एवढं लांब बीळ? बत्तीस पावलं सरळ रेषेत?"

"मोठं कुटुंब असेल," पर्डी म्हणाले. "जा, माझं नाव सांगून आइस्क्रीम घ्या. आणि शनिवार दुपारचा निकाल विसरू नका हं. साठ ट्रेलर आले पाहिजेत पुढच्या वर्षी."

रिकानं आइस्क्रीम घेतलं नाही. ती तडक पप्पांकडे गेली.

"तीन दिवस धो धो पाऊस पडलाय," पप्पा म्हणाले. "चाकं रुतणारच."

"मग आपली का नाही रुतली?"

"कारण मी नीट लावलाय ट्रेलर," पप्पा म्हणाले, आणि एवढं समाधान त्यांच्या तोंडावर पसरलं की रिकाला पुढं बोलावंसंच वाटेना.

ओपांकडे तिनं थेटच विषय काढला. "ओपा, तुम्ही आमच्याकडे मागं या. दोन दिवस. प्लीज."

"का?"

"कडा सुटतोय असं वाटतंय मला."

ओपांनी कॉफीचा कप ठेवला आणि खिडकीतून तळ्याकडे पाहिलं. त्या वर्षी तळं चढलं होतं. खाली पुळण उरलीच नव्हती, लाटा सरळ कड्याच्या पायावर आपटत होत्या.

"रिका, तुझी ओमा अकरा वर्षांतले नऊ उन्हाळे इथं बसली," ते म्हणाले. "मी इथं आलो की मला तिच्याशी बोलता येतं. मागच्या रांगेत मला कुंपण दिसतं आणि तुझ्या पप्पांची बनियनं वाळत घातलेली दिसतात. मी हलणार नाही. परत विचारू नकोस."

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण रिकाला माहीत होतं की हा विषय संपला.  ओपा त्या ट्रेलरमध्ये झोपणार, त्यांच्या पाठीमागे कोपरापर्यंत काठी जाणारी फट, आणि मोठ्या माणसांपैकी एकालाही त्याचं सोयरसुतक नाही.

शुक्रवारी न्याहारी होताच तिघांनी एक काम केलं. मागच्या रांगेतल्या दिव्याच्या खांबाला गळाचा दोरा बांधला, तो कुंपणाखालून नेला आणि त्याचं दुसरं टोक ओपांच्या जागेवरच्या पाण्याच्या नळाला बांधलं. दोरा मुद्दाम सैल ठेवला, मध्ये गवताला टेकेल इतका.

"खांब हलत नाही, नळ हलत नाही," रिका म्हणाली. "दोरा ताणला गेला, तर जमीन हलली."

दहा वाजता दोरा गवतावर होता. अकराला गवतावरून उठला होता. दुपारी एक वाजता गॉर्डीनं त्याला बोट लावलं आणि तो टणकन वाजला.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आई-पप्पा उद्याच्या जेवणासाठी मक्याची कणसं आणायला गावात गेले होते. पुढच्या रांगेतली मंडळी जेवून पडली होती. जागा चारच्या खिडकीतून ओपांचं घोरणं ऐकू येत होतं, आणि दक्षिणेचा वारा वाढला होता.

"ओरडूया," गॉर्डी म्हणाला. "सगळ्यांना हाका मारू."

"मग पर्डी येतील, ग्राउंडहॉग म्हणतील, आणि सगळे परत जाऊन झोपतील. ओपा सगळ्यात आधी." रिकानं कपाळ चोळलं.  "माणसं आपल्या सांगण्यानं नाही उठायची. पर्डींच्या सांगण्यानं उठतील."

"पर्डी कशाला सांगतील?"

"निकालासाठी," रिका म्हणाली.

गॉर्डीला दोऱ्यापाशी ठेवून, "कुंपण ओलांडायचं नाही" असं दोनदा बजावून, रिका आणि ट्युन कचेरीत धावली. पर्डी वर्तमानपत्र वाचत होते.

"मिस्टर पर्डी, निकाल आज लावतोय. आत्ता, सभागृहात. पण पुढच्या रांगेतला प्रत्येक माणूस हजर पाहिजे. एकही कमी असला तर निकाल नाही."

"असा कुठला नियम?"

"नियम अकरा," ट्युन म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

पर्डींनी वहीकडे पाहिलं, मग रिकाकडे. "आम्ही पहिले आलोय का?"

"ते आधी कसं सांगू? पण तुम्ही समोर बसाच."

बस्स, एवढं पुरलं. पर्डींनी टोपी चढवली, जेवणाची घंटा घेतली आणि पुढच्या रांगेत दारोदार हिंडले. टकेटना उठवलं, जागा सहाच्या मिसेस ब्योद्रींना केसांच्या गुंडाळ्यांसकट बाहेर काढलं. ओपा येईनात तेव्हा पर्डी त्यांच्या दाराशी उभे राहून घंटाच बडवत राहिले. शेवटी ओपा सपाता घालून, पुटपुटत, मागच्या रांगेच्याही मागं असलेल्या सभागृहात येऊन शेवटच्या बाकावर बसले. दारात उभ्या ट्युननं बोटं मोजली आणि रिकाला खूण केली. एकोणीस. सगळे.

रिका टेबलामागे उभी राहिली. आता यांना इथंच धरून ठेवायचं होतं. किती वेळ, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"पहिलं, सरकारी जंगल," तिनं वाचायला सुरुवात केली. "दोन डॉलर. सावली उत्तम. संडासात कोळी चार, पैकी एक ट्युनच्या हाताएवढा."

लोक हसले. ती मुद्दाम सावकाश वाचत होती. पाण्याच्या नळाचं अंतर, डासांचा त्रास, शेजारच्यांचा रेडिओ. मग तंबाखूचं शेत. अंघोळीच्या पाण्याला गरम व्हायला लागणारी मिनिटं. पर्डी पुढच्या बाकावर पाय हलवत होते. दाराबाहेर गॉर्डीची काही चाहूल नव्हती.

अचानक मागचा बाक करकरला. ओपा उठले होते.

"बरं चाललंय तुझं, पोरी. पण उठल्या उठल्या ठेवलेली माझी कॉफी गॅसवर आहे. बंद करून येतो."

"ओपा, बसा."

"दोन मिनिटांत आलो." ते दाराकडे निघालेसुद्धा.

रिकानं मधली चार पानं एकदम उलटली. तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही.

"पर्डींची पुढची रांग. जागा चार, डायक्स्ट्रा. रविवारी फळ्या शून्य, मंगळवारी एक, बुधवारी दोन, गुरुवारी तीन, आज सकाळी चार. जागा पाच, टकेट. रविवारी शून्य, आज पाच. जागा सहा, ब्योद्री. रविवारी एक, आज चार. जागा तीन, रविवारी शून्य, आज चार. सगळ्या फळ्या तळ्याकडच्या चाकाखाली. मागची रांग, नऊ ट्रेलर. रविवारनंतर एकही फळी वाढलेली नाही."

 ओपा दारात थांबले होते.

"पाच?" ते टकेटना म्हणाले. "तुझ्या पाच?"

टकेटचे कान लाल झाले. "मला वाटलं, माझंच चाक... लोक हसतील म्हणून बोललो नाही."

"आमच्या ह्यांनी तर सगळे जेवायला बसलेले असताना घातल्या," मिसेस ब्योद्री म्हणाल्या. "कुणी बघू नये म्हणून."

ओपा सावकाश वळले. त्यांनी पन्नास वर्षं घरं बांधली होती. अख्ख्या रांगेच्या पाणसळी एकाच बाजूला कलल्या म्हणजे काय, हे त्यांना आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. "पर्डी," ते म्हणाले, "तू कुंपणाखाली खडी कशात टाकतोयस?"

पर्डींनी टोपी काढली. "सोमवारी दोन बोटांची फट होती, हेन्ड्रिक. नुसती दोन बोटांची. मला वाटलं, एवढा आठवडा निघून जाईल. निकाल लागला की मग सगळ्यांना मागं हलवणारच होतो मी."

त्याच वेळी गॉर्डी धापा टाकत आत घुसला. "दोरा तुटला! कुंपणाची झाडं हलतायत."

टकेटनी गाडीच्या किल्ल्या काढल्या आणि दाराकडे धाव घेतली. आणखी तिघं त्यांच्या मागे. "ट्रेलर ओढून काढतो, पाच मिनिटांचं काम आहे."

ओपांनी दोन्ही हात पसरून दार अडवलं. "वेडा झालास? फाटलेल्या जमिनीवर गाडीचं वजन नेतोस? बस खाली."

"अरे पण तुझाही ट्रेलर आहे तिथं. सगळं सामान आहे तुझं."

"माहीत आहे मला काय आहे ते," ओपा म्हणाले. त्यांनी हात खाली घेतले नाहीत. "कुणीही कुंपण ओलांडायचं नाही."

सगळे सभागृहाच्या ओसरीवर उभे राहून बघत होते. आधी लायलॅकचं कुंपण मधोमध खचलं. मग जमिनीतून एक जड, लांबलेला आवाज आला आणि जागा तीन, चार आणि पाच, गवत, नळ, जेवणाची टेबलं आणि तीन ट्रेलरांसकट बाहेरच्या बाजूला झुकल्या. ओपांचा पांढरा ट्रेलर क्षणभर दिसला, चार फळ्यांवर नीट उभा. मग तिथं नुसतं आभाळ होतं.

मिसेस ब्योद्री रडायला लागल्या. टकेट खाली बसले, किल्ल्या हातातच. पर्डींनी भिंतीला हात टेकला आणि ते कुणाकडेच बघेनात.

अग्निशमन दलाची गाडी आली, पुढच्या रांगेपासून कितीतरी मागं दोर बांधला गेला. मागोमाग आई-पप्पा आले. दोर बघून पप्पांनी कणसांची पोती तिथंच टाकली आणि "बाबा कुठायत?" असं ओरडत ते धावत सुटले. ओपा दिसल्यावर त्यांनी त्यांना घट्ट धरलं, मग रिकाला, मग ट्युनला. "मी ऐकायला हवं होतं गं," ते परत परत म्हणत राहिले.

दलाचा प्रमुख उंच, मिशाळ माणूस होता. त्यानं वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, तिथंच उभं राहून. "एकोणीस माणसं," तो म्हणाला. "ही वही नसती तर मी आत्ता खाली पाण्यात माणसं शोधत असतो. कुणी केलं हे?"

टकेटनी तिघांना खांद्याला धरून पुढं केलं. "यांनी. आणि आम्ही एकोणीस जण चुपचाप फळ्या घालत बसलो होतो." त्यांनी तिघांशी मोठ्या माणसांसारखा हात मिळवला. पर्डीही आले. त्यांनी रिकासमोर टोपी काढली, आणि मग दलापाठोपाठ आलेल्या पोलिसांच्या गाडीकडे ते स्वतःच चालत गेले.

ओपा एकटेच दोरापाशी उभे होते. रिका हळूच त्यांच्याजवळ गेली. इतका वेळ रोखलेलं रडू आता फुटलं.

"ओपा, ओमाची जागा गेली. मला ती वाचवता आली नाही."

ओपांनी तिला जवळ ओढलं. 

"तुझी ओमा असती ना," ते म्हणाले, "तर मंगळवारीच मला म्हणाली असती, हेन्ड्रिक, ती फळी ठेव आणि आधी बाहेर जाऊन बघ. ती गेल्यापासून मला वाटायचं, आता आपल्याला असं सांगणारं कुणी राहिलं नाही. तू सांगितलंस, तर मी तुलाच गप्प केलं." त्यांनी हाताच्या पाठीनं डोळे पुसले. "पुढच्या वर्षी माझी जागा तू निवडायची. मी किती डॉलर ते विचारणार नाही, आणि तळं दिसतं का तेही विचारणार नाही."

"पप्पांची बनियनं दिसली तरी?"

"तरी," ओपा म्हणाले.

रिकानं त्यांचा हात धरला, आणि दोघं मागच्या रांगेकडे चालायला लागली. तिथं आईनं मक्यासाठी पाणी उकळत ठेवलं होतं.